कोंडीराम मान मोडत नाहीत

पुण्याजवळच्या मांजरीत कटिंगची दुकानं भरपूर आहेत. त्यांतल्या कुठल्याही दुकानात जा, केस कापून झाले, मानेवरचे बारीक केस झटकून झाले, की कारागीर तुमच्या हनुवटीखाली एक तळवा धरतो, दुसरा डोक्यामागे लावतो, डोकं जरा डोलवल्यासारखं करतो आणि एकदम कटकन फिरवतो. आधी डावीकडे, मग उजवीकडे. याला मान मोडणं म्हणतात. त्याचं वेगळं काही घेत नाहीत आणि तुम्हाला विचारतही नाहीत. जेवणानंतर विडा द्यावा तसं ते असतं; दिला नाही तर पाहुणचारात काहीतरी राहिलं असं वाटतं. आणि मान मोडून घेणारा गडी डोळे मिटून असा सुस्कारा सोडतो, की बघणाऱ्यालाही खुर्चीत बसावंसं वाटतं.

कोंडीराम ही मान मोडत नाहीत. सगळ्या मांजरीत ते एकटेच. हे मी कौतुकानं सांगते आहे, कारण त्यांच्याबद्दल कौतुकानं बोलणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत.

माझं नाव नम्रता. आईवडिलांचा अंदाज चुकला, असं मला नोकरीत बऱ्याच जणांनी ऐकवलं आहे. जन्म नारायण पेठेतला, सारी नोकरी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर मांजरीतल्या या नव्या सोसायटीत आलो, कारण इथे लिफ्ट आहे. नवऱ्याला, सुदर्शनला, जिना चढवत नाही. आमचं लग्न कॉलेजात जमलेलं, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करते, आणि शेजारच्या बायका ते ऐकायला मुद्दाम थांबतात.

सुदर्शनचा संधिवात म्हणजे थंडीत गुडघे दुखतात तो नव्हे. त्याच्या शरीरानं स्वतःच्याच सांध्यांशी वैर धरलेलं आहे. आधी बोटं वाकली, मग मनगटं गेली, आणि मग दुखणं मानेत शिरलं. शस्त्रक्रिया त्याच्या छातीला झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून गळ्याला कॉलर, आणि धक्का लागू द्यायचा नाही, हा एकच नियम. तो नियम घरात मी पोलिसासारखा चालवते.

कोंडीराम पहिल्यांदा आमच्याकडे आले ते सुदर्शनची दाढी करायला. खरं तर दाढी मीही करून दिली असती, पण इतकी वर्षं मेलेल्या माणसांवर सुरी चालवलेल्या बाईच्या हातात तो स्वतःचा गळा द्यायला तयार नाही. सोसायटीच्या वॉचमननं कोंडीरामांचं नाव सुचवलं. साठीकडे झुकलेला उंच माणूस, पांढरा सदरा, आणि बोटं अशी लांब आणि स्वच्छ की मी तपासून पाहिली. दारातच मी त्यांना बजावलं, की मान अजिबात हलवायची नाही. कॉलर मी काढून देईन, दाढी झाली की मीच बांधेन. ‘व्हय म्याडम,’ ते म्हणाले, आणि खरोखरच इतक्या हलक्या हातानं दाढी केली की खुर्चीच्या पाठीला टेकलेलं सुदर्शनचं डोकं जागचं हललं नाही. मी खूश झाले आणि टॉवेल गरम पाण्यात भिजवायला आत गेले.

परत आले तेव्हा कोंडीरामांचा एक तळवा सुदर्शनच्या हनुवटीखाली होता आणि दुसरा डोक्यामागे. आणि सुदर्शन, हा गाढव माणूस, डोळे मिटून बसला होता.

‘हात काढ,’ मी ओरडले. कोंडीरामांना मी आयुष्यात अरे म्हटलं ते तेवढंच.

हात निघाले. कोंडीराम माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं, पाळलंही होतं. पण ते दाढीपुरतं. मान मोडणं हे त्यांच्या लेखी मान हलवणं नव्हतंच. आजारी माणूस आहे, जरा बरं वाटेल, एवढाच विचार त्या हातांनी केला होता, आणि हातांनीच केला होता. ते स्वतः त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते.

घाबरले की मी भांडते. सुदर्शनला कॉलर बांधली आणि कपाटातून मानेच्या मणक्यांचा नमुना काढला. शाल-श्रीफळ नको असं बजावून ठेवलं होतं, म्हणून विद्यार्थ्यांनी निरोपाला तो दिला होता: प्लास्टिकचे सात मणके, वर कवटीचा तुकडा, बाजूनं धमनीच्या लाल नळ्या, मधून मज्जारज्जूची पिवळी दोरी. मी तो कोंडीरामांच्या हातात जवळजवळ कोंबला आणि म्हटलं, बघा, काय फिरवत होतात ते.

वर्गात मी जे शिकवायला दोन तास घेत असे ते रागाच्या भरात भराभर सांगून टाकलं. सगळ्यात वरचा मणका म्हणजे नुसती कडी. बाकीच्या मणक्यांना असतो तसा पुढचा भरीव ठोकळा त्याला नाही. कवटी या कडीवर टेकते, आणि हो म्हणायला मान खालीवर होते ती इथे. दुसऱ्या मणक्यातून एक खुंटी वर आलेली असते, ती या कडीत पुढच्या अंगाला बसते. नाही म्हणताना कडी या खुंटीभोवती फिरते. माणूस डावी-उजवीकडे जेवढा बघतो त्यातला निम्मा तरी या एका सांध्याच्या जोरावर. खुंटीनं मागे सरकू नये म्हणून तिच्या पाठीमागून एक आडवा पट्टा ताणून बसवलेला असतो. आणि पट्ट्याच्या लगेच मागे ही पिवळी दोरी, जिच्यातून श्वासाचा हुकूमसुद्धा खाली जातो. ‘यांचा पट्टा संधिवातानं खाल्लाय,’ मी सुदर्शनकडे बोट दाखवून म्हटलं. ‘तुम्ही मान फिरवली असती तर खुंटी मागे गेली असती.’

कोंडीरामांनी नमुना वळवून वळवून पाहिला. कडी खुंटीभोवती फिरवली, पुन्हा फिरवली. मग विचारलं, ‘म्हंजी आज माज्या हातनं...’

‘हो,’ मी म्हटलं. मला तेव्हा त्यांची दया आली नव्हती, आणि ते बरंच झालं.

जरा वेळानं त्यांनी आवाजाचं विचारलं. कटकन वाजतं ते काय असतं? शीर जाग्यावर बसते ना? मी त्यांना खालच्या मणक्यांच्या मागचे छोटे सांधे दाखवले, दोन्ही बाजूंना, कौलांसारखे तिरपे एकमेकांवर चढलेले. या सांध्यांत थोडंसं पाणी असतं. सांधा एकदम ताणला की त्या पाण्यात हवेची पोकळी होते आणि आवाज येतो. सोड्याच्या बाटलीचं भाऊबंद म्हणा. शीरबीर काही बसत नाही.

इथे मात्र ते भडकले. त्यांचे वडील कचरूअप्पा या एका आवाजावर पंचक्रोशीत नाव कमावून होते. फुरसुंगीपासून लोणीपर्यंतची माणसं त्यांच्याकडे मान मोडून घ्यायला यायची, तालमीतले पैलवान यायचे. कोंडीराम हे काम बापाच्याच मानेवर शिकले होते, आणि त्यांचा मुलगा योगेश त्यांच्या मानेवर. ‘माजा बाप काय सोडावाटर इकत हुता व्हय?’ त्यांनी विचारलं, पेटी उचलली आणि निघून गेले.

चार दिवस त्यांचा पत्ता नव्हता. मग एका दुपारी बेल वाजली. आत यायला तयार नव्हते. दारातच उभं राहून विचारलं, ‘म्याडम, कुणाचा पट्टा इरलाय त्ये भायेरनं कळतं का वो?’

नाही, मी म्हटलं. एक्स-रे काढल्याशिवाय मलाही कळत नाही.

‘आन् ती लाल नळी? ती कुणाची कच्ची हाय त्ये?’

तेही नाही. ती धमनी मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून ओवल्यासारखी वर चढते आणि कडीपाशी वळसा घालून कवटीत शिरते. मान जोरात पिळली की तो वळसा ताणला जातो. कुणाची आतून चिरेल, हे बाहेरून सांगता येत नाही. पण मी शिक्षिका आहे, घाबरवून शिकवणं मला पटत नाही. म्हणून पुढचंही सांगितलं. असं फार क्वचित होतं. देशात रोज किती माना मोडल्या जातात, आणि माणसं शीळ घालत घरी जातात. ज्याचं काही बिघडलं त्याचं आधीच बिघडत आलेलं होतं की काय, हेसुद्धा पुष्कळदा कळत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘कवाबवा म्हंजी कुनालातरी हुतं.’

‘हो.’

‘आन् त्यो खुर्चीत बसला तर वळखू येनार न्हाई.’

‘नाही.’

‘मंग झालं,’ ते म्हणाले आणि जिन्यानंच खाली उतरून गेले.

मला वाटलं, म्हाताऱ्यांच्या माना सोडतील. त्यांनी सगळ्यांच्याच सोडल्या.

मग दुकानात जे सुरू झालं ते मी भाजी आणायला जाता-येता बघत होते. गिऱ्हाईक डोळे मिटून वाट बघत बसायचं आणि कोंडीराम बाजूला उभे राहून पुढच्याला हाक मारायचे. सुरुवातीला लोकांना वाटलं, विसरले. मग वाटलं, हात दुखतोय. मग कुणीतरी विचारलं, तुमच्या हातून काही झालं का? नाही झालं. मग? याला त्यांचं जे उत्तर होतं ते लोकांना उत्तर वाटत नव्हतं. एखादा मेला असता तर लोकांनी समजून घेतलं असतं. कुणाला काही झालं नाही आणि तरी माणूस थांबला, हे मात्र कुणाला सोसेना. भ्याला, म्हणाले. सोसायटीतल्या बाईनं कान भरले, म्हणाले. ती बाई मी. पाटी लिहून देता का, असं कोंडीरामांनी मला एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, पाट्या नारायण पेठेत खंडीभर आहेत, वाचतं कोण? तोंडानं सांगा. तेव्हापासून ते प्रत्येकाला तोंडानं सांगत होते.

सगळ्यात जास्त चिडला योगेश. त्यानं हडपसरला सलूनचा कोर्स केला होता आणि दुकानातली दुसरी खुर्ची तो चालवत होता. गिऱ्हाइकाच्या कॉलरला छोटा माइक लावून तो मान मोडायचा, त्याचे रील टाकायचा, आणि लोक कानात इअरफोन घालून ते कटकट आवाज ऐकायचे. आयटीतली मुलं लांबून गाडी काढून यायची ती केसांसाठी नव्हे, त्या आवाजासाठी. बापानं दुकानात मान मोडायला बंदी केल्यावर तो तणतणत माझ्याकडे आला. मी त्यांना काय दाखवलं, असं त्यानं विचारलं. पप्पा फुल डिस्टर्ब झालेत, रिस्क कशात नाही, रोडवर पण आहे ना? मुद्दा अगदीच खुळचट नव्हता. मी तो कोंडीरामांच्या कानावर घातला. ते म्हणाले, रस्त्यावर जो मरतो त्याची मान म्या धरल्याली नसती.

आता जयसिंगरावांचं सांगितलं पाहिजे. आमची सोसायटी उभी आहे ते त्यांचं उसाचं रान होतं, आणि रस्त्याकडेची गाळ्यांची रांग अजून त्यांचीच आहे. कोंडीरामांचं दुकान त्यातच. दोघं बरोबरीचे, एका शाळेत गेलेले. लहानपणी दोघांचे केस कचरूअप्पाच कापायचे. एक मोठा होऊन अण्णा झाला आणि दुसरा कोंडीरामच राहिला, एवढाच फरक. दर रविवारी अण्णा दुकानात येणार, दाढी करून घेणार, मान मोडून घेणार. बंदीच्या पहिल्या रविवारी त्यांना ती थट्टा वाटली. दुसऱ्या रविवारी नाही वाटली. तिसऱ्या रविवारी ते दुसऱ्याच दुकानात गेले, मान मोडून घेतली, आणि येताना कोंडीरामांच्या पायरीवर उभे राहिले. रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसेल अशी मान गरागरा फिरवून म्हणाले, बग, हाय का मेलो?

‘ब्येस झालं अण्णा,’ कोंडीराम म्हणाले. ‘औक्ष लाभू दे तुमास्नी. पर माज्या हातनं न्हाई.’

सगळे हसले. माझ्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा होत्या, त्यांनी एकेकाला झोडपावं असं मला वाटलं. कोंडीराम पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती फडकं बांधत होते.

पुढे अण्णांच्या मुलाचं, विश्वजीतचं लग्न निघालं. हळदीच्या सकाळी नवरदेवाची दाढी कोंडीरामांच्याच घरच्यांनी करायची ही तिथली जुनी रीत. सोसायटीलाही आमंत्रण होतं, म्हणून मी गेले होते. मांडवात पाटावर विश्वजीत बसला होता, गालांना साबण, आणि कोंडीराम दाढी करत होते. योगेश शेजारी वाटी धरून. पाहुण्यांची गर्दी. तेवढ्यात अण्णा आले, खुर्ची ओढून कोंडीरामांच्या पुढ्यात पाठ करून बसले, आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की पोराची दाढी होत राहील, आधी बापाची मान मोड. आज घरात कार्य हाय, आज न्हाई म्हनू नगं.

ते प्रेमानंही म्हणत असतील. मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही. पण सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलेला प्रश्न हा प्रश्न राहत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

‘न्हाई अण्णा,’ कोंडीराम म्हणाले.

अण्णा वळले. हसू अजून तोंडावर होतं. ‘गाळा कुनाचा हाय रं?’

‘तुमचा.’

‘मंग?’

‘गाळा तुमचा हाय. हात माजं हायत.’

मांडवातली हलगी थांबली होती. अण्णांनी योगेशला हाक मारली. म्हणाले, योग्या, बापाची तब्येत बरी न्हाई, तू ये, मोड मान. उद्यापासनं गाळा तुज्या नावानं करतो. योगेशनं वाटी खाली ठेवली. बापाकडे पाहिलं. कोंडीरामांनी त्याला अडवलं नाही, हातही धरला नाही. एवढंच म्हणाले, ‘तुला ठावं हाय.’

योगेशनं मान मोडली. डावीकडे, उजवीकडे. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला. अण्णांनी सुस्कारा सोडला, टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी वाजवली. आणि अण्णांना काही झालं नाही. त्यांना आजही काही झालेलं नाही, ते ठणठणीत आहेत, आणि परवाच मला लिफ्टमध्ये भेटले. नंतर त्यांना काही झालं असेल, या आशेवर कुणी वाचत असेल तर त्यानं इथेच थांबावं.

विश्वजीतच्या एका गालाचा साबण वाळत आला होता. कोंडीरामांनी पुन्हा साबण लावला, राहिलेली दाढी केली, त्याला आरसा दाखवला, पेटी बंद केली आणि न जेवता घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून दुकान योगेशचं झालं.

तेव्हापासून कोंडीराम स्कूटरवर पेटी ठेवून घरोघर जातात. अंथरुणाला खिळलेले, खुर्चीतून न उठणारे, ज्यांना दुकानाच्या पायऱ्या चढवत नाहीत असे. आमच्या सोसायटीतच अशी कितीतरी घरं निघाली. दुकानात फुकट चहा पिणारी जुनी गिऱ्हाइकं मात्र रस्त्यात भेटली की मान चोळून दाखवायची आणि हसायची. घरात बाप-लेक बोलत नव्हते. कोंडीरामांची बायको सरुबाई दोघांची ताटं एकाच वेळी वाढायची आणि बोलत कुणाशीच नव्हती.

मला त्या माणसाचा अभिमान वाटत होता आणि रागही येत होता. या वयात ऊन डोक्यावर घेऊन हिंडायचं, ते कशासाठी? मी त्यांना एकदा झापलं, की अण्णांकडे जा, दोन शब्द बोला, माझा नमुना विसरा. ते म्हणाले, तुमीच शिकिवलं आन् तुमीच इसरा म्हनता. मी म्हटलं, शिकवलेलं सगळं वागायचं नसतं, मी जन्मभर विद्यार्थी बघितले आहेत. त्यावर ते मोठ्यानं हसले. सुदर्शननंही हसायचा प्रयत्न केला, मी त्याला गप्प बसवलं. कॉलर आता कोंडीरामच बांधतात, माझ्याहून नीट.

गेल्या महिन्यात एका सकाळी ते बाल्कनीत सुदर्शनची दाढी करत असताना योगेश आला. दार मी उघडलं. त्याचे केस कानांवर आले होते, मानेवर रुळत होते. सलून चालवणाऱ्या पोराचं हे डोकं बघून मला आधी नवल वाटलं, आणि मग लक्षात आलं. कटिंग करणाऱ्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. या घरात लेकाचे केस बाप कापायचा आणि बापाचे लेक. कोंडीरामांचेही केस तसेच वाढलेले होते, इतके दिवस मी ते बघत होते आणि मला कळलं नव्हतं.

योगेश बाल्कनीच्या दाराशी येऊन उभा राहिला. ‘ये रे, बस,’ सुदर्शन म्हणाला. कोंडीरामांनी सुदर्शनची दाढी पुरी केली, कॉलर बांधली, फडकं बाहेर झटकलं आणि स्टुलाकडे बोट केलं. योगेश बसला. कात्री चालू झाली.

मग योगेश फरशीकडे बघत म्हणाला, ‘पप्पा, हात थांबतो.’

कोंडीरामांची कात्री चालूच राहिली.

‘हनुवटी धरली की थांबतो. आधी नव्हतं असं. परवा एक जण हसला, म्हणाला, नवीन आहेस का? रील टाकायचं बंद केलंय मी. तुमच्यामुळं झालंय हे. मांडवात ते बोललात ना, तेव्हापासून. चांगला चालणारा हात बिघडवलात तुम्ही माझा.’ त्यानं मागे वळून बापाकडे पाहिलं. ‘आता तुम्हीच नीट करा. एकदा माझी मान मोडा. मला बघू दे काही होत नाही ते. मग जाईल भीती.’

कोंडीरामांनी कात्री खिशात ठेवली. दोन्ही तळवे मुलाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले. योगेशनं डोळे मिटले आणि मान सैल सोडली. मी उभी राहिले होते. त्या पोराच्या मानेत काही दोष असेल असं मानायला मला काहीच कारण नव्हतं. तरुण, धडधाकट मान. फिरवली असती तर बहुतेक नुसता आवाज झाला असता, बाप-लेकांचं बोलणं सुरू झालं असतं आणि दुकानही घरात राहिलं असतं. हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं, आणि मला वाटतं, कोंडीरामांनाही दिसत होतं. ते डोकं त्यांनी तसंच धरून ठेवलं. फिरवलं नाही.

‘समद्या मांजरीची मोडली असती येक येळ,’ ते म्हणाले. ‘तुजी न्हाई.’

त्यांनी हात काढले आणि ब्रशनं त्याच्या मानेवरचे केस झटकायला लागले. योगेश डोळे मिटूनच बसला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्याचे हात फडक्याखाली अडकले होते. मी टॉवेल घेऊन पुढे झाले, तर कोंडीरामांनीच सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. दुकानात लोकांना काय सांगू, असं योगेशनं विचारलं. अण्णांना काय सांगू? ते रविवारी येणार. कोंडीराम म्हणाले, म्या काय सांगितलं त्ये तू ऐकलंयस. त्यापरीस जास्त मलाबी येत न्हाई.

योगेश उठला. जरा वेळ कठड्याला धरून खाली रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग बापाच्या खिशातली कात्री काढून घेतली आणि म्हणाला, बसा आता तुम्ही.

कोंडीराम बसले. योगेशनं त्यांचे केस कापले, कानांमागचे सारखे केले, कल्ले नीट केले. काम सुरेख होतं, मी उगाच कुणाचं कौतुक करत नाही. मानेवरचे केस झटकून झाले आणि आयुष्यभराच्या सवयीनं, स्वतःच्याही नकळत, कोंडीरामांचे डोळे मिटले. खांदे खाली आले. मान सैल सुटली.

योगेशनं ते पाहिलं. त्याचे दोन्ही हात हवेत वर आले होते, ते त्यानं खाली घेतले आणि बापाच्या गळ्यामागची फडक्याची गाठ सोडली.

‘नाही पप्पा,’ तो म्हणाला. ‘उठा.’